मैदान गाजते, आवाज कुणाचा?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसाने खेळ दोन तास लांबवला, तरी प्रेक्षक जागचे हलले नाहीत. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे अर्धशतक आणि पाठोपाठ पाच बळी, दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी मिळवलेला विजय, हे सगळे आता क्रिकेट न पाहणाऱ्यांनाही पाठ आहे. त्या दिवसाच्या संगीताची चर्चा मात्र फारशी झाली नाही. राष्ट्रगीत सुनिधी चौहान यांनी गायले, आणि स्पर्धेचे अधिकृत गीत श्रेया घोषाल यांच्या आवाजातले होते. बायकांच्या खेळाच्या सर्वांत मोठ्या दिवशी बायकांचा आवाज असावा हे योग्यच झाले. पण हे दोन्ही आवाज हिंदी चित्रपटसंगीतातून देशभर पोहोचलेले आहेत. स्टेडियम ज्या नेरूळमध्ये उभे आहे ते मुळात आगरी गाव. आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत विधीमागून विधी पुढे नेणारी धवलारीण ही या भागातली अस्सल गायिका. तिला शेकडो ओळी तोंडपाठ असतात आणि कित्येक तास तिचा आवाज टिकून राहतो. ज्या मातीवर विश्वचषक उचलला गेला, त्या मातीतले गाणे विश्वचषकाच्या सोहळ्यात शोधावे लागते.

शहराच्या खेळाच्या दिवसांत तिथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या स्त्रियांना मंच द्यावा, याला कुणी नाही म्हणणार नाही. भाषणात हे वाक्य टाळ्या घेते आणि निविदा निघते तेव्हा गळून पडते. या लेखाचे म्हणणे थोडे अडचणीचे आहे. असा मंच द्यायचा तर तो ऐकू येणाऱ्या, जिवंत संगीताचा असावा आणि कामाचा मोबदला देणारा असावा. नऊवारी नेसून स्वागतकमानीशी उभे राहण्यापुरता असेल तर त्याने गाणारीचे काहीच भले होत नाही. उलट तिची कला फुकट मिळते आणि तिचा उपयोग शोभेपुरता आहे, ही जुनी समजूत आणखी घट्ट होते.

मुंबईत खेळाचे असे दिवस वर्षातून अनेकदा येतात. विश्वचषक क्वचित येतो, आणि २०२५ मध्ये तर तो काहीसा अनपेक्षितपणे आला. त्या वर्षी जूनमध्ये बंगळुरूत झालेल्या चेंगराचेंगरीनंतर तिथले सामने हलवले गेले आणि ते नवी मुंबईच्या वाट्याला आले. मॅरेथॉन मात्र नेमाने येते. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आता दर जानेवारीत, तिसऱ्या रविवारी धावते आणि तिचे सगळे प्रकार धरले तर धावणाऱ्यांची संख्या साठ हजारांच्या घरात जाते. हा एका सकाळचा कार्यक्रम दिसतो, पण तो तीन-चार दिवस चालतो. प्रत्येक धावपटूला आपला क्रमांक घ्यायला आधीच्या दिवसांत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात जावे लागते. तिथे हजारो माणसे घरच्यांसह येतात, रांगेत उभी राहतात, बूट पाहतात, फोटो काढतात. मग रविवारी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मरीन ड्राइव्ह, पेडर रोडची चढण, हाजी अली, वरळी, माहीम, शिवाजी पार्क असा जो मार्ग गजबजतो, त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत, ओरडत, ढोल बडवत उभे असतात. प्रेक्षक आहेत, वेळ आहे, जागा आहे, पुरस्कर्ते आहेत आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरेही आहेत. संगीताच्या कार्यक्रमाला लागणारी प्रत्येक गोष्ट इथे आधीपासून हजर आहे. संगीताची बाजू तेवढी नियोजनापेक्षा उत्साहावर सोडलेली असते.

खेळाला संगीताची साथ ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कोल्हापूर-सांगलीच्या कुस्तीच्या फडात हलगी, घुमके आणि कैताळ वाजल्याशिवाय कुस्तीला रंग चढत नाही. पकड घट्ट होते तशी हलगीची लय चढते, आणि जाणता प्रेक्षक डोळे मिटूनही आखाड्यात काय चालले आहे ते सांगू शकतो. लेझीम तर व्यायाम आणि वाद्य यांतला भेदच मिटवून टाकते. उलट बाजूने पाहिले तर आपल्या कित्येक गानप्रकारांत सामन्याची चुरस आहे. कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्यांनी जपलेली डबलबारी भजने, शक्ती-तुऱ्याचे सामने, तमाशातले सवाल-जवाब यांत हार-जीत असते आणि बाजू घेऊन भांडणारे प्रेक्षकही असतात. या परंपरेत एक उणीव मात्र ठळक आहे. फडातली हलगी पुरुषाच्या हाती राहिली आणि डबलबारीचा बुवा बहुतेक पुरुषच राहिला. अलीकडे भजनाच्या बारीला स्त्रिया उभ्या राहू लागल्या आहेत, शक्ती-तुऱ्यात गायिका आल्या आहेत, आणि पुण्या-मुंबईच्या ढोलपथकांत तर कमरेला ढोल बांधलेल्या मुली मोठ्या संख्येने दिसतात. मुलींच्या हाती ढोल-ताशा देण्याची वाट घालून देणाऱ्यांत पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीचे नाव आदराने घेतले जाते. म्हणजे वाजवणाऱ्या तयार आहेत. त्यांना बोलावण्याची पद्धत तेवढी मागे राहिली आहे.

खेळाने गाणाऱ्या बाईकडून एकदा किती मोठे घेतले, याचा एक दाखला या संदर्भात आठवायलाच हवा. १९८३ साली कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा क्रिकेट मंडळाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते. राजसिंह डुंगरपूर यांनी लता मंगेशकर यांना गळ घातली. लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला, त्यातून वीस लाख रुपये उभे राहिले आणि प्रत्येक खेळाडूच्या हाती एक लाख पडला. त्या कार्यक्रमाचे मानधन त्यांनी घेतले नाही. मंडळाने पुढे भारतातल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची दोन तिकिटे त्यांच्यासाठी कायमची राखून ठेवली. त्यांचे घर, प्रभुकुंज, पेडर रोडवरच आहे. मॅरेथॉनची सर्वांत दमवणारी चढण त्या इमारतीवरून जाते. एका गायिकेच्या कार्यक्रमावर देशाच्या विश्वविजेत्यांचे बक्षीस उभे राहिले, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने सांगतो आणि तिचा अर्थ लावायचा विसरतो. संगीत ही खेळाची सजावट आहे असे मानणाऱ्यांना हा हिशेब पुरेसे उत्तर आहे. संगीताला किंमत असते, ती मोजता येते आणि वसूलही होते. प्रश्न एवढाच की ती कुणाच्या खात्यात जमा होते.

गाणाऱ्या बाईच्या बाबतीत हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षे चालू आहे. हिराबाई बडोदेकर या तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी. गाणाऱ्या बाईला खासगी बैठकीतून सार्वजनिक सभागृहात आणायचे तर तिकीटखिडकी लागते, हे त्या काळात उमगणे ही साधी गोष्ट नव्हती. तिकीट घेऊन आलेला श्रोता उपकार करत नाही, तो किंमत मोजतो, आणि त्याबरोबर गाणारीची प्रतिष्ठा बदलते. याच्या दुसऱ्या टोकाला विठाबाई नारायणगावकर दिसतात. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली, १९६२ च्या युद्धकाळात जवानांपुढे कला सादर करून आलेली ही तमाशासम्राज्ञी २००२ साली गेली तेव्हा रुग्णालयाचे बिल लोकांच्या मदतीतून भागवावे लागले. पुढे राज्य सरकारने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार तिच्या नावाने सुरू केला. विठाबाईला गौरवाची कधीच वाण नव्हती. तिला नियमित, ठरलेल्या आणि वेळेवर मिळणाऱ्या पैशाची वाण होती. म्हणूनच 'मंच दिला' हे शब्द अपुरे आहेत. महाराष्ट्राने गाणाऱ्या बायकांना मंच भरपूर दिले, हिशेब मात्र उधारीवर ठेवला.

ही उधारी आजच्या सोहळ्यांत वेगळ्या रूपात दिसते. संस्थांच्या आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांत 'महाराष्ट्राची लोककला' म्हणून जे दाखवले जाते त्यातला मोठा वाटा ध्वनिमुद्रणावर नाचण्याचा असतो. लावणी आहे, घुंगरू आहेत, पण गाणारी नाही, ढोलकीवाला नाही, पेटी नाही. संगीतबारीत बैठकीची लावणी गाता गाता भाव दाखवणारी जी कलावंत असते, तिचे गाणे इथे कापले जाते आणि दिसणे तेवढे उरते. आयोजकाला हे सोयीचे पडते. एक पेनड्राइव्ह, आठ मुली, बारा मिनिटे, आणि ध्वनिव्यवस्थेचा खर्च जवळजवळ शून्य. खेळाच्या मैदानावर तर ही सोय आणखी मोहात पाडते, कारण दोन डावांच्या मधली मिनिटे मोजलेली असतात. परिणाम असा की स्त्री कलावंत दिसते भरपूर, ऐकू येत नाही. म्हणून पहिली अट साधी ठेवावी: स्थानिक म्हणून ज्यांना बोलवाल त्यांच्यापुढे चालू ध्वनिक्षेपक असला पाहिजे, आणि जे वाजते ते तिथे, त्या क्षणी वाजलेले असले पाहिजे.

मग बोलवायचे कुणाला? या प्रश्नावर 'मुंबईत चित्रपटाबाहेर आहे कोण' असे म्हणणारा मुंबई नीट ऐकत नसावा. मॅरेथॉनच्याच मार्गाने निघू. गिरगावात ढोलपथके आहेत. इथल्या आसपासच्या चाळींत गोव्याहून आलेल्या कलावंत घराण्यांनी शास्त्रीय संगीत रुजवले. मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर गोमंतकातून आल्या आणि मुंबईच्या झाल्या, आणि केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानातून अंतराळात गेली. त्या परंपरेतल्या शिष्या आणि प्रशिष्या आजही शहरात शिकवतात आणि गातात. वरळी आणि माहीमच्या कोळीवाड्यांत गाणाऱ्या बायका आहेत. शिवाजी पार्कला लागून चैत्यभूमी आहे, आणि ६ डिसेंबरला तिथे येणाऱ्यांना भीमगीते गाणाऱ्या स्त्रियांची ताकद ठाऊक आहे. एकतारीवर गाणाऱ्या मराठवाड्यातल्या कडूबाई खरात यांना सगळ्या महाराष्ट्राने उचलून धरले, त्या याच प्रवाहातल्या. वाद्यांकडे वळलो तर आबान मिस्त्री या पारशी बाईंनी मुंबईत राहून स्त्रीने एकल तबला वाजवायचा पायंडा पाडला, आणि उस्ताद अल्लारखा व झाकिर हुसेन यांच्याकडे शिकलेल्या अनुराधा पाल यांनी १९९६ मध्ये 'स्त्रीशक्ती' हा सगळ्या स्त्री वादकांचा संच उभा केला. नव्या पिढीत कल्याणची रॅपर डी एमसी आहे, महादेव कोळी समाजातून आलेली आणि आदिवासींचे प्रश्न मांडणारी माही जी आहे, 'वाइल्ड वाइल्ड विमेन' हा मुलींचा रॅपसमूह आहे. उपनगरांतली महिला भजनी मंडळे तर मोजदादीपलीकडची. आणि घाटावरून आलेल्या माथाडी कामगारांच्या घरांत अजूनही ज्यांना ओव्या आठवतात अशा आज्या आहेत. हेमा राइरकर आणि गी पॉतवाँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर भरली, यावरून या गाण्याचा साठा केवढा आहे ते कळते. साठा अपुरा नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची इच्छा अपुरी आहे.

जगात इतरत्र हे कसे केले जाते, ते पाहण्यासारखे आहे. २०२३ चा महिला फुटबॉल विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला तेव्हा अधिकृत गीतासाठी बेनी ही न्यूझीलंडची गायिका आणि मॅलरॅट ही ऑस्ट्रेलियाची गायिका घेतली. यजमान देश दोन, आवाज दोन, दोन्ही तिथलेच. २०१८ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल मिनियापोलिसला झाला. अंतिम सामन्यातल्या मध्यंतराचा कार्यक्रम मोठ्या ताऱ्याकडे गेला, पण शहराने निकोलेट मॉल या मुख्य रस्त्यावर दहा दिवस मोफत संगीत ठेवले आणि त्याची निवड जिमी जॅम व टेरी लुईस या तिथल्याच संगीतकार जोडीवर सोपवली. मैदानावर जगाचा तारा, रस्त्यावर शहराचे संगीत, अशी ती वाटणी होती. याच्या उलट, ८ मार्च २०२० ला मेलबर्नमध्ये महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ८६,१७४ प्रेक्षक जमले आणि मंचावर अमेरिकेची केटी पेरी होती. गर्दी जमवण्याच्या दृष्टीने तो निर्णय यशस्वी ठरला, हे मान्य करायला हवे. पण तारा गर्दी जमवतो म्हणून बाकीचा सगळा वेळ त्याच्या नावावर करण्याचे कारण नाही. मुंबईने मिनियापोलिसची वाटणी उचलावी. स्टेडियमच्या मध्यंतरात चित्रपटगायिका गाऊ द्या. पण रस्ता, प्रदर्शन आणि प्रेक्षक आत शिरतात ते दोन तास शहराच्या बायकांचे असू द्या.

सुनिधी चौहान किंवा श्रेया घोषाल यांना 'बाहेरच्या' ठरवण्याचा इथे हेतू नाही. दोघींची कारकीर्द मुंबईत घडली आणि या शहरावर त्यांचा पूर्ण हक्क आहे. मुद्दा असा की त्यांना या मंचाची गरज नाही. त्यांच्यामुळे मंचाला वजन येते. नेरूळच्या धवलारिणीच्या किंवा कल्याणच्या रॅपरच्या बाबतीत देवघेव दोन्ही बाजूंनी होते. तिच्यामुळे सोहळ्याला जागेची ओळख मिळते आणि सोहळ्यामुळे तिला पुढचे काम मिळते. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक रस्ते आणि पालिकेचे मनुष्यबळ जिथे वापरले जाते, तिथे या दुसऱ्या देवघेवीला काही वाटा राखून ठेवणे न्यायाचे आहे. 'मग गुणवत्तेचे काय?' असा प्रश्न येतोच. गुणवत्तेवर निवड व्हावी हे खरे, पण आज जी निवड होते ती गुणवत्तेवर होते असे समजण्याचे कारण नाही. ती बहुतेकदा कार्यक्रम-व्यवस्थापकाच्या फोनमध्ये कुणाचे क्रमांक आहेत यावर होते. उघडी निवड, ऐकून घेतलेली निवड आणि त्या-त्या गानप्रकारातल्या जाणकार स्त्रियांची समिती हा गुणवत्तेचा खरा आग्रह आहे. अशा समितीत लावणीची जाणकार हवी, भीमगीतांची हवी, शास्त्रीय संगीताची हवी. ती नसेल तर 'स्थानिक' म्हणजे अंगणवाडीच्या स्नेहसंमेलनाला शोभेल एवढेच, असा अर्थ ठरतो आणि जातीच्या उतरंडीत खाली ढकललेले गाणे पुन्हा गाळले जाते.

आता पैशाकडे येऊ, कारण बहुतेक चांगले बेत इथे मोडतात. 'एवढे प्रेक्षक मिळतात, नाव होते, आणखी काय हवे?' हा युक्तिवाद जगभर चालतो. सुपर बोलच्या मध्यंतरात गाणाऱ्या ताऱ्यांना खास मानधन मिळत नाही, नियमाप्रमाणे किमान रक्कम मिळते, हे सर्वज्ञात आहे. ताऱ्याला ते परवडते, कारण दुसऱ्या दिवसापासून त्याची गाणी जगभर विकली जातात. मागे नाचणाऱ्याला ते परवडत नाही. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या सुपर बोलसाठी मैदानावर विनामोबदला माणसे घेण्याचा घाट घातला गेला तेव्हा नर्तकांनी आवाज उठवला आणि कलाकार संघटनेने व्यावसायिक नर्तकांकडून फुकट काम करून घेतले जाणार नाही असे ठरवून घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाआधी तर नर्तकांनी सरावातच थांबून मुठी वर केल्या. मोबदल्यातल्या तफावतीवरून संघटनेने संपाची नोटीस दिली आणि सोहळ्याच्या तोंडावर तडजोड झाली. या दोन्ही घटनांतून एकच गोष्ट कळते: खेळाच्या सोहळ्यात नाव होते हे खरे, पण ते कुणाचे होते हे आधीच ठरलेले असते.

'नाव होते' या युक्तिवादाचे सर्वांत पटणारे उत्तर बायकांच्या क्रिकेटकडेच आहे. एप्रिल १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा संघ होते तीन. पुढची कित्येक वर्षे खेळाडू स्वतःच्या खर्चाने, रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून प्रवास करत आणि वसतिगृहांच्या जमिनीवर झोपत. त्या काळातही कौतुक होते, टाळ्या होत्या, सत्कार होते. बदल झाला तो २००६ मध्ये महिला क्रिकेट पुरुषांच्या मंडळात सामील झाल्यावर, आणि खऱ्या अर्थाने ऑक्टोबर २०२२ मध्ये समान सामनाशुल्क ठरले तेव्हा: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. २०२५ च्या विजयानंतर मंडळाने ५१ कोटींचे बक्षीस जाहीर केले. पैसा आधी आला आणि विश्वचषक नंतर. मॅरेथॉननेही हा धडा फार आधी गिरवला आहे. तिथे पहिल्या क्रमांकाला ५०,००० डॉलर मिळतात आणि ते पुरुषाला व स्त्रीला सारखेच. धावणाऱ्या बाईला जो नियम लागू होतो तो तिच्यासाठी ढोल वाजवणाऱ्या बाईला लागू का होऊ नये, याचे पटण्यासारखे कारण अजून कुणी दिलेले नाही.

आता आक्षेपांकडे. त्यांतला आवाजाचा आक्षेप गंभीर आहे आणि तो हसून उडवता येणार नाही. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक आणि उघड्यावर वाद्ये वाजवायला मनाई आहे, आणि मॅरेथॉनची पहिली तुकडी पहाटे पाचच्या सुमारास निघते. रुग्णालयांभोवती शंभर मीटरचा शांतता विभाग जाहीर करता येतो. पेडर रोडवर जसलोक आहे, माहीमला हिंदुजा आहे. शिवाय घराच्या खिडकीखाली सकाळी सातला ताशा तडतडला तर रविवारी झोपलेल्या माणसाने काय करायचे? याचे उत्तर शिस्तीत आहे. सहाच्या आधी काही वाजणार नाही. शांतता विभागात काही वाजणार नाही. ढोल-ताशा मरीन ड्राइव्हसारख्या समुद्राकडे उघड्या जागी असेल, आणि वस्तीजवळ भजन, भीमगीत किंवा रॅप माफक ध्वनिव्यवस्थेवर असेल. उत्साहावर सोडलेले संगीत हमखास कर्कश होते आणि आखलेले संगीत मर्यादेत राहते. म्हणजे आवाजाचा आक्षेप हे खरे तर नियोजनाच्या बाजूचे म्हणणे आहे. धावपटूंना संगीत त्रासदायक होते, असाही एक सूर असतो. त्याचे उत्तर अंतरांत आहे. चढणीच्या पायथ्याशी, शेवटच्या टप्प्यात आणि पाणी देण्याच्या ठिकाणांजवळ संगीत हवे असते. बाकीचा रस्ता मोकळा राहू द्यावा.

दुसरा आक्षेप भजनी मंडळांकडूनच येऊ शकतो: आम्ही सेवा म्हणून गातो, पैसे कसले देता? ही भावना खरी आहे आणि तिचा मान राखायला हवा. पण तो मान राखण्याचा मार्ग पैसे न देणे हा नव्हे. ठरलेले मानधन मंडळाच्या नावाने द्यावे. त्यांनी पखवाज घ्यावा, पंढरीच्या वारीचा खर्च भागवावा किंवा दान करावे, तो त्यांचा निर्णय. फुकट गाण्याचा निर्णय गाणारीने घ्यायचा असतो, आयोजकाने तो गृहीत धरायचा नसतो. कायदाही तिच्या बाजूचा आहे. सादर करणाऱ्याचा हक्क आपला कॉपीराइट कायदा मान्य करतो आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी पक्का केला. ओवीला किंवा धवलारीण गाते त्या धवल्याला लेखक नसेल, पण गाणारीच्या सादरीकरणावर तिचा हक्क असतोच. तिचे गाणे दूरचित्रवाणीवर दाखवायचे, नंतर जाहिरातीत वापरायचे, तर आधी लेखी परवानगी आणि त्याचा वेगळा मोबदला हवा.

या सगळ्याला फार मोठा खर्च लागणार नाही. खेळाच्या तीन-चार दिवसांत प्रदर्शनाच्या जागी रोज संध्याकाळी दोन तास, रविवारी मार्गावर दहा-बारा ठिकाणी प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, आणि मोठ्या सामन्याआधी स्टेडियमच्या दाराशी एक मंच, एवढी सुरुवात पुरे. करारात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: मानधनाचा आकडा आणि ते किती दिवसांत मिळेल, आधी आवाज तपासून घ्यायला वेळ, छापील पत्रकात आणि प्रक्षेपणात कलाकाराचे आणि साथीदारांचे नाव, आणि ने-आणीची सोय. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण स्त्री कलावंताच्या बाबतीत तीच निर्णायक ठरते. धावपटूंसाठी रेल्वे पहाटे जादा गाड्या सोडते, पण ढोल, पेटी, ढोलकी घेऊन डोंबिवलीहून चार बायकांना मरीन ड्राइव्हला पोहोचायचे असेल तर त्यांना गाडी हवी, कपडे बदलायला खोली हवी, स्वच्छ स्वच्छतागृह हवे. रस्त्यावर गाणाऱ्या बाईला मंच नाकारण्यासाठी कुणाला 'नाही' म्हणावे लागत नाही. स्वच्छतागृह नसले की ती आपोआप येत नाही.

एका रविवारच्या कार्यक्रमाने कलाकाराचे वर्ष बदलत नाही, हा शेवटचा आणि सर्वांत खरा आक्षेप. बदलत नाहीच. विश्वचषक जिंकल्याने तरी गावोगावच्या मुलींना मैदाने कुठे मिळाली? पण क्रिकेटच्या बाबतीत आपण हे कारण देऊन समान सामनाशुल्क मागे घेत नाही. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३९ धावांच्या आव्हानासमोर नाबाद १२७ धावा काढणारी जेमिमा रॉड्रिग्ज ही मुंबईची मुलगी गिटार वाजवते आणि गाते, आणि तिच्या या गाण्याचेही लोकांना अप्रूप आहे. खेळणारी बाई गाऊ शकते याचे कौतुक आपण करतो. गाणारी बाई गाण्यावरच जगू शकते, ही व्यवस्था उभारणे त्याच्या पुढची पायरी आहे. ती पुढच्या जानेवारीतही सुरू होऊ शकते. त्यासाठी पालिकेने परवानगी देताना आणि पुरस्कर्त्याने अंदाजपत्रक करताना एक ओळ वाढवायची आहे: स्थानिक स्त्री संगीतकारांचे मानधन, आणि त्यापुढे आकडा. ती ओळ असली तर बाकीची व्यवस्था हळूहळू जुळेल. ती नसली तर कितीही सुंदर निवेदन केले तरी ती निव्वळ शोभाच राहील.